मिठाच्या पाण्यातला शंख

नारळी पौर्णिमेला आमच्या घरी देवघरातला शंख मिठाच्या पाण्याने धुतला जायचा. आजोबा भल्या पहाटे उठून पितळी तसराळ्यात पाणी घ्यायचे, त्यात मूठभर मीठ विरघळवायचे, बोट बुडवून चव बघायचे आणि मग शंख दोन्ही हातांनी हळूच आत सोडायचे. आजीला हे अजिबात पटायचं नाही. "देवाच्या शंखाला मीठ? गंगाजल घाला की थोडं," असं ती दर वर्षी म्हणायची. आजोबांचंही उत्तर ठरलेलं होतं. "अगं, त्याला घरची आठवण येत असेल."

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. चार पिढ्या इथे गेल्या. बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री आहे, तिच्यात मगरी आहेत. सुरसागर आहे, पण नावात सागर असलं तरी ते तळंच. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. चाळीसच्या दशकात महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा. बडोद्याच्या प्रत्येक मुलाने त्याच्या बरगड्यांखाली उभं राहून मान वर केलेली असते. लहानपणी मला वाटायचं, समुद्र म्हणजे हा. मोठा, पांढरा, गप्प आणि छतापर्यंत.

आजोबांचा समुद्र मात्र निराळा होता. ते "आमच्या ओख्याला" असं म्हणत. वारा सुटला, की "आमच्या ओख्याला याच्या चौपट वारा." मासळी आणली, की "आमच्या ओख्याला ही कोण खाणार?" जन्म बडोद्याचा, नोकरी बडोद्याची, आणि गेलेही इथेच, २००९ साली. पण वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बाराव्यापर्यंतची नऊ वर्षं त्यांनी ओखा बंदरावर काढली होती, आणि त्या नऊ वर्षांनी पुढची सगळी वर्षं व्यापून टाकली.

ओखा म्हणजे काठियावाडचं अगदी पश्चिमेचं टोक. द्वारकेहून उत्तरेला गेलं की जमीन निमुळती होत जाते आणि मग संपते. समोर बेट द्वारका, त्यापलीकडे कच्छचं आखात. हा सगळा टापू म्हणजे ओखामंडळ. नकाशात बडोद्यापासून बोटाने रेघ ओढत गेलं तर मध्ये कितीतरी संस्थानं आणि ब्रिटिश मुलूख ओलांडावा लागायचा. तरी हा टापू गायकवाडांचा होता. बडोदा राज्य सलग नव्हतंच कधी. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली असे तुकडे गुजरातभर विखुरलेले, आणि ओखामंडळ त्यातला सगळ्यांत लांबचा तुकडा. १८१६च्या सुमारास इंग्रजांनी तो जिंकला आणि गायकवाडांच्या हवाली केला. आरमारी ठाणं म्हणून गायकवाडांकडे आधीपासून बिलिमोरा होतं. पण बारमाही मोठं बंदर, जिथे आगबोट थेट धक्क्याला लागेल, असं राज्यात कुठेच नव्हतं.

ते सयाजीरावांनी बांधलं. १९२६ मध्ये ओखा बंदर सुरू झालं. त्याआधी काही वर्षं रेल्वे तिथपर्यंत पोहोचली होती. बेटाचा आडोसा, किनाऱ्याजवळच खोल पाणी, त्यामुळे पावसाळ्यातही जहाज उभं राहू शकेल अशी जागा. आजही तिथल्या धक्क्याचं नाव सयाजी पिअर आहे.

बडोद्यात सयाजीराव महाराजांचं नाव निघालं की ग्रंथालयं निघतात, सक्तीचं शिक्षण निघतं, कलाभवन निघतं, १९०८ची बँक ऑफ बडोदा निघते. हे सगळं खरं आहे आणि सांगावं तेवढं थोडं आहे. पण ओख्याचं नाव काढणारा माणूस मला आमच्या घराबाहेर फार कमी वेळा भेटला. कवळाण्याच्या कोरड्या माळावर जन्मलेला मुलगा, दत्तक जाऊन राजा झाला आणि साठी ओलांडल्यावर त्याने समुद्रावर एक गाव वसवलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. शहराने ती विसरावी याचं मला वाईट वाटतं.

माझे पणजोबा तिथे जकात खात्यात कारकून म्हणून गेले, १९२७ साली. बरोबर पणजी आणि तीन वर्षांचे आजोबा. पणजीच्या ओख्याच्या आठवणी म्हणजे पाण्याच्या आठवणी. विहिरीचं पाणी मचूळ. डाळ शिजायची नाही, तासन् तास चुलीवर ठेवली तरी दाणे वेगळेच राहायचे. साबणाला फेस यायचा नाही. बडोद्याहून येणारा कुणी ओळखीचा असला, की मुलाच्या घोटाभर चहासाठी त्याच्याकडून ती गोड्या पाण्याची कळशी मागवायची. तिने आयुष्यभर पाणी सांडलं म्हणून कुणालाही रागावल्याशिवाय सोडलं नाही, असं आजी सांगे.

आजोबांच्या आठवणी मात्र साखरेच्या. काठियावाडच्या बंदरांत तेव्हा जावाची साखर उतरायची. पोती उतरवताना एखादं फाटायचं आणि धक्क्यावर पांढरी रांगोळी सांडायची. हमाल पोतं बाजूला नेईपर्यंत पोरं आजूबाजूला घुटमळत राहायची आणि मग ओल्या बोटांनी ती साखर टिपून खायची. "आधी खारट लागायची," आजोबा सांगत, "मग गोड." सांगताना ते तर्जनी जिभेला लावून, समोरच्या टेबलावर टेकवून पुन्हा जिभेला लावत. पंच्याऐंशीला टेकलेल्या माणसाच्या बोटाला ती हालचाल जशीच्या तशी पाठ होती.

त्याच साखरेवरून मोठं राजकारण झालं. काठियावाडच्या संस्थानी बंदरांत उतरलेला माल रेल्वेने ब्रिटिश मुलखात जाऊ लागला की मुंबईचं जकातीचं उत्पन्न घटायचं. म्हणून वीरमगामला जकातनाका होता. काठियावाडातून येणाऱ्या उतारूंचं सामान तिथे तपासलं जायचं आणि लोकांचे फार हाल व्हायचे. गांधीजी १९१५ मध्ये आफ्रिकेहून परतले, तेव्हा वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाच्या एका शिंप्याने त्यांना गाठून हीच तक्रार सांगितली होती. गांधीजींनी ती थेट व्हाइसरॉयपर्यंत नेली आणि १९१७ मध्ये तो नाका उठला. पण पुढे नवानगरचं बेडी आणि आमचं ओखा ही बंदरं जोर धरू लागली, आणि १९२७ मध्ये वीरमगामची जकात पुन्हा बसली. ओखा सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. बाळसं धरण्याआधीच पोराचं खाणं तोडावं तसं झालं.

आमच्या घरातली वीरमगामची गोष्ट अशी आहे. दिवाळीला बडोद्याला यायचं होतं. पणजीने महिनाभर साखर साठवली होती आणि ती तशी नेली तर नाक्यावर अडवतील म्हणून तिने तिचे रव्याचे लाडू वळले. पितळी डब्यात एकावर एक रचले, मध्ये केळीची पानं. वीरमगामला गाडी थांबली, सामान खाली उतरवलं. तपासणाऱ्या माणसाने डबा उघडला आणि लाडू फोडायला सुरुवात केली. एकेक करून सगळे. आत काय सापडेल असं त्याला वाटलं देव जाणे. पणजोबा स्वतः जकातीतले. बंदरावर दिवसभर दुसऱ्यांच्या पेट्या उघडणारे. ते फलाटावर मान खाली घालून उभे राहिले आणि एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या प्रवासात पणजीने तो चुरा पुन्हा वळायचा प्रयत्न केला, पण तूप गोठलं होतं. त्या दिवाळीला नातेवाइकांना चुराच वाटला गेला. त्यानंतर पणजोबांनी बंदरावर कुठल्याही बाईचा डबा उघडायला लावला नाही, हे आजोबा अभिमानाने सांगत. मला वाटतं, घराण्याचा म्हणून जो काही वारसा मला मिळालाय, त्यात ही गोष्ट सगळ्यांत मौल्यवान आहे.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती आजोबांनी फार उशिरा सांगितली. मी कॉलेजात असताना.

ओख्याजवळ आरंभडा नावाचं जुनं गाव आहे. बंदर नवं, गाव फार जुनं. तिथला एक वाघेर मुलगा आजोबांचा जिवलग मित्र होता. वाघेर म्हणजे ओखामंडळचे मूळ लोक, हिंदूही आहेत आणि मुसलमानही. समुद्र त्यांचा, किनारा त्यांचा, आणि इंग्रजांच्या दप्तरात त्यांची नोंद चाचे म्हणून. आजोबा एकदा त्या मित्राच्या घरी गेले. अंगणात त्याची म्हातारी आजी बसली होती. तिने विचारलं, "कोनो छोकरो?" मित्राने सांगितलं, बंदरावरच्या मराठी कारकुनाचा. म्हातारीने आजोबांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "तुं गायकवाडनो?" बस्स, एवढंच. रागावली नाही, हाकललं नाही. पाणीही दिलं. पण सात-आठ वर्षांचा तो मुलगा धावत घरी आला आणि आईच्या कुशीत तोंड खुपसून रडला. का रडलो ते तेव्हा कळलं नव्हतं, असं ते म्हणाले.

कळलं ते पुढे, वाचून. १८५७च्या धामधुमीत ओखामंडळातले वाघेर गायकवाडी अंमलाविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध उठले. जोधा माणेक आणि मुळू माणेक हे त्यांचे पुढारी. त्यांनी द्वारका घेतली, बेट घेतलं. १८५९च्या ऑक्टोबरात इंग्रजांच्या फौजेने समुद्रातून आणि जमिनीवरून बेटावर हल्ला केला. किल्ला उडवला, देवळांचीही नासधूस झाली. जोधा माणेक पुढे रानात तापाने गेला. मुळू माणेक लढत राहिला आणि १८६८ मध्ये मारला गेला. ज्या म्हातारीने आजोबांना तो प्रश्न विचारला, ती तेव्हा जन्मली असेल, किंवा नसेलही, पण तिच्या आईबापांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं असणार.

मी बडोद्यात शिकले. गायकवाडांचा इतिहास आम्हाला अभिमानाने शिकवला गेला, आणि तो अभिमान मला आजही आहे. पण त्या इतिहासात ओखामंडळ म्हणजे "बंडखोर टोळ्यांचा प्रदेश" एवढीच ओळ होती. जकातीच्या वहीत मालाची नोंद असते, जहाजाची असते, मालकाची असते. ज्यांच्या अंगणातून हे सगळं जातं त्यांच्यासाठी रकाना नसतो. आजोबा "आमचं ओखा" म्हणत, तेव्हा त्या "आमचं"मध्ये त्या म्हातारीचा प्रश्न नेहमी असायचा, हे मला खूप नंतर लक्षात आलं. ते हा शब्द मालकीने उच्चारत नव्हते.

त्याच मित्राने त्यांना शंख दिला.

ओख्याचा समुद्र ओहोटीला फार लांब मागे सरतो. खडक उघडे पडतात, डबकी राहतात, त्यात पोवळी, समुद्रकाकड्या, खेकडे. कच्छच्या आखातातला हा किनारा प्रवाळांसाठी प्रसिद्ध आहे. पुढे १९८२ मध्ये आखातातल्या प्रवाळांसाठी सागरी राष्ट्रीय उद्यानही झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बडोदा सरकारने जेम्स हॉर्नेल नावाच्या तज्ज्ञाला बोलावून ओखामंडळच्या समुद्री जीवांची पाहणी करून घेतली होती. मोती सापडतात का, शंख किती, याची. ओख्याचे शंख बंगालमध्ये जायचे. तिथे त्यांच्या चकत्या कापून सवाष्णींच्या बांगड्या होतात. समोरच्या बेटाचं पुराणातलं नावच शंखोद्धार. कृष्णाने शंखासुराला मारलं ती जागा, असं तिथले लोक मानतात.

आपण देवघरात पाहतो तो शंख पांढराशुभ्र असतो. जिवंत शंख तसा नसतो. त्याच्यावर तपकिरी, लव असलेली जाड कातडी असते, वाळूत अर्धा रुतलेला असतो तेव्हा तो दगडासारखाच दिसतो. आजोबांच्या मित्राला तो पायाच्या तळव्याने कळायचा. ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात चालता चालता तो थांबायचा, पाय तसाच ठेवून खाली वाकायचा आणि शंख काढायचा. मग तो आठवडे दोन आठवडे वाळूत पुरून ठेवायचा, आतला जीव सडून निघून जाईपर्यंत. त्याचा वास इतका भयंकर, की आजोबांनी पहिल्यांदा आपला शंख घरी आणला तेव्हा पणजीने दाराबाहेरूनच परत पाठवला.

तो शंख आज माझ्यासमोर आहे. मूठ मिटली तर जेमतेम मावेल एवढा. शेंडा कापलेला नाही, म्हणजे हा फुंकायचा नाही, पूजेचा. पाठीवर डाव्या बाजूला एक बारीक खरवड आहे. कातडी दगडाने घासताना पोराचा हात सटकला असणार. तोंडात बोट घातलं की आत तीन गुळगुळीत वळ्या लागतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या, आणि तिसरीच्या पुढे बोट जात नाही. लोक मला विचारतात, दक्षिणावर्ती आहे का? नाही. हा साधा वामावर्ती, लाखांनी मिळणारा. दक्षिणावर्तीला बाजारात काय भाव येतो ते मी ऐकलंय. हा विकला तर कुणी शंभर रुपये देणार नाही. आजोबांनी याच्या बदल्यात आपली एकुलती एक लोकरी टोपी दिली होती, आणि तिच्यासाठी वडिलांचा मारही खाल्ला होता.

१९३६ मध्ये पणजोबांची बदली झाली आणि कुटुंब बडोद्याला परतलं. पुढचं ओखा आजोबांनी लांबून पाहिलं. ओख्याच्या अलीकडे मिठापूर आहे. तिथे १९२७ मध्ये कपिलराम वकिलांनी महाराजांच्या परवानगीने मिठाचा कारखाना काढला होता, १९३९ मध्ये त्यातूनच टाटा केमिकल्स उभी राहिली. आजोबा शंखासाठी पिशवीतलं टाटाचं मीठच घ्यायचे, ते याचमुळे. हिंदुस्तान मोटर्सची सुरुवात १९४२ मध्ये ओख्यातच झाली. अॅम्बेसडर गाडी बनवणारी तीच कंपनी. मोटारींचे सुटे भाग जहाजातून उतरायचे आणि तिथेच जोडले जायचे. १९४८ मध्ये ते काम बंगालला, उत्तरपाड्याला गेलं.

फाळणीने ओख्याचं कंबरडं मोडलं. ओख्याहून कराची मुंबईपेक्षा जवळ. ज्या दिशेने रोज गलबतं ये-जा करत, ती दिशाच परकी झाली. आणि त्याच दिशेने माणसं आली, जहाजं भरभरून.

आमच्या बडोद्यात वारसियाला सिंधी लोकांची मोठी वस्ती आहे. तिथले एक कापडवाले काका आजोबांकडे यायचे, हिशेब लिहून घ्यायला. एकदा बोलता बोलता आजोबा "आमच्या ओख्याला" म्हणाले आणि काका थबकले. "ओखा? मी तिथेच उतरलो." ते तेव्हा नऊ वर्षांचे होते. कराचीहून जहाजाने आले. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की उतरल्यावर त्यांच्या आईने तीन-चार जणांना विचारलं, हे गाव कुठलं, आणि ज्यांना विचारलं तेही नुकतेच उतरलेले होते. रात्री एका लांब पत्र्याच्या छपराखाली झोपले, सकाळी रेल्वेत बसवलं. बस्स. आजोबांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलने नकाशा काढला. हा धक्का. इथे रेल्वेचा फाटा. इथे जकात. इथे गोदाम, पत्र्याचं. "समुद्र तुमच्या डोक्याकडे होता की पायाकडे?" काकांनी डोळे मिटले. "डोक्याकडे." मग आजोबांनी त्या नकाशावर एक फुली मारली आणि म्हणाले, तुम्ही इथे झोपला होतात. काका तो कागद घडी करून घेऊन गेले. काका वारल्यावर त्यांच्या मुलाने सांगितलं, की तो कागद शेवटपर्यंत त्यांच्या पाकिटात होता.

पुढे युद्धं झाली. १९६५च्या सप्टेंबरात पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या. १९७१च्या डिसेंबरात विमानांनी ओखा बंदरावरच बॉम्ब टाकले, इंधनसाठा पेटला. बाबा सांगतात, त्या रात्री ब्लॅकआउटमध्ये आजोबा रेडिओला कान लावून जमिनीवर बसले होते आणि सकाळपर्यंत उठले नाहीत.

मी स्वतः ओखा पहिल्यांदा पाहिलं ते २०१८च्या हिवाळ्यात, बाबांबरोबर. इतकी वर्षं का गेलो नाही याचं उत्तर आमच्या कुणाकडेच नव्हतं. सौराष्ट्र मेल मध्यरात्रीनंतर बडोद्याला येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओख्याला पोहोचवते. मिठापूरला खिडकीबाहेर मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांच्यामागे निळ्या पाण्याची रेघ दिसली, तेव्हा बाबांनी माझा हात धरला आणि ओखा येईपर्यंत सोडला नाही.

बेटावर तेव्हा होडीनेच जावं लागायचं. लाकडी होड्या, निळ्या-हिरव्या रंगाच्या, काठोकाठ भरलेल्या. माणसं, पिशव्या, शिडाच्या कापडात गुंडाळलेली भाजी, एक बकरी. आमच्या होडीचा खलाशी चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. धक्क्याला लागताना त्याने दोर फेकला आणि एकाच वेळी पायाने होडीला रेटा दिला, म्हणजे काठ धक्क्यावर आदळू नये. होडी आणि धक्का यांच्यामध्ये एक वीतभर फट राहिली आणि एका म्हातारीला उतरवेपर्यंत ती तेवढीच राहिली. त्याच्या पोटरीचे स्नायू तेवढे ताणलेले दिसत होते, चेहरा निवांत. वर कुरव पक्ष्यांचे थवे, आणि यात्रेकरू त्यांना गाठ्या भिरकावत होते. बाबा आजोबांना नाना म्हणत. ते म्हणाले, "नानांनी हे सगळं सांगितलं होतं, पण आवाज सांगितला नव्हता."

दुसऱ्यांदा गेले ती २०२५च्या जानेवारीत, एकटीच. आता पूल झालाय. सुदर्शन सेतू, २०२४च्या २५ फेब्रुवारीला खुला झाला, सव्वादोन किलोमीटरहून थोडा लांब. गाडीने दोन-चार मिनिटांत बेट. बेटावरच्या माणसाला रात्री छातीत दुखलं तर आता होडीची वाट बघावी लागत नाही, हे फार मोठं काम झालं, आणि ते मी मनापासून म्हणते. पुलावरून खाली पाहिलं. त्या निळ्या-हिरव्या होड्या धक्क्याला एकमेकींना बांधून उभ्या होत्या. बऱ्याचशा कोरड्या. त्या मुलाचं वय आता एकवीस-बावीस असेल. कुठे असेल, हा विचार मनातून गेला नाही.

संध्याकाळी मासेमारीच्या धक्क्यावर गेले. ट्रॉलरांची दाटी, बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज, डिझेल आणि सुक्या मासळीचा वास. गुजराती, कच्छी, हिंदी असं सगळं कानावर पडत होतं. आणि मग अचानक मराठी. चार-पाच खलाशी जाळं दुरुस्त करत बसले होते. मी थांबले. "कुठले तुम्ही?" "पालघरकडचे." दर वर्षी मोसमाला येतात. बोट इथल्या मालकाची, हात आमचे, असं त्यातला सगळ्यांत मोठा म्हणाला. मला २०२१चा नोव्हेंबर आठवला. ओख्याहून निघालेल्या एका बोटीवर पाकिस्तानी सागरी सुरक्षा दलाने समुद्रात गोळीबार केला होता आणि पालघर जिल्ह्यातलाच एक खलाशी मरण पावला होता. मी काही बोलले नाही. पण तोच म्हणाला, "पाण्यावर रेघ कुठे दिसते, ताई? मासळी जिकडं, तिकडं जाळं."

माझ्या पणजोबांच्या वेळचे मराठी लोक इथे वही घेऊन आले होते. हे जाळं घेऊन आलेत.

"तुम्ही इकडं कुणाकडं?" त्याने विचारलं. काय सांगावं ते मला पटकन सुचेना. म्हटलं, माझे आजोबा इथे लहानाचे मोठे झाले. त्याने मान हलवली, जणू त्याला तेवढं पुरेसं होतं. निघताना त्याने कागदात बांधून सुके बोंबील दिले, पैसे घ्यायला तयार होईना. पहाटे निघणार होते, परत यायला पंधरा-वीस दिवस.

घरी आल्यावर बाबांनी ते बोंबील तव्यावर भाजायला लावले, लसूण आणि लाल तिखट घालून चटणी केली, भाकरीबरोबर खाल्ली. मग हात धुऊन आले आणि म्हणाले, "ती बोट कुठली? नाव बघितलंस का?"

मी नाव बघितलं नव्हतं.

तेव्हापासून बाबा सकाळी पेपर उघडला की आधी हवामानाचा रकाना काढतात. ओखा, जाखौ, पोरबंदर. वारा किती, समुद्र खवळलेला आहे का, मच्छीमारांना इशारा आहे का. वीस दिवस झाले, महिना झाला. "आली असेल," ते म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रकाना काढतात.